तुर्किक राष्ट्रांची एकजूट आणि महासत्तांच्या राजकारणातील तिचे स्थान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुर्किक राष्ट्रे म्हणजे नेमकी कोणती?

तुर्की भाषाकुळातील भाषा बोलणारी सहा स्वतंत्र, सर्वमान्य राष्ट्रे आज अस्तित्वात आहेत : तुर्किये (म्हणजेच तुर्कस्तान), अझरबैजान, कझाकस्तान, उझबेकिस्तान, किरगिझस्तान आणि तुर्कमेनिस्तान. उत्तर सायप्रस हे सातवे नाव या यादीत घ्यावे की नाही, हा वादाचा विषय आहे, कारण तुर्कियेखेरीज कोणताही देश त्याला मान्यता देत नाही. या सहा देशांची एकत्रित लोकसंख्या सोळा कोटींच्या पुढे जाते आणि त्यातील निम्म्याहून अधिक लोक एकट्या तुर्कियेत राहतात. ताजिकिस्तान मध्य आशियात असला तरी त्याची भाषा फारसीच्या कुळातली आहे, त्यामुळे तो या गटात मोडत नाही. याउलट रशियातील तातार, बश्कीर आणि याकूत, चीनमधील उइघुर, तसेच इराणच्या वायव्येकडील अझेरी हे सारे तुर्किक समाज आहेत, पण त्यांचे स्वतःचे राष्ट्र नाही. मॉस्को, बीजिंग आणि तेहरान या तिन्ही राजधान्या तुर्किक एकजुटीकडे संशयाने पाहतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

या देशांची संघटना केव्हा स्थापन झाली?

सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर दहा महिन्यांतच, ऑक्टोबर १९९२ मध्ये, तुर्कियेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष तुर्गुत ओझाल यांनी अंकारा येथे पहिली शिखर परिषद भरवली. त्या वेळचा उत्साह मोठा होता; एड्रियाटिक समुद्रापासून चीनच्या भिंतीपर्यंतच्या तुर्की जगताची भाषा तेव्हा उघडपणे बोलली जात होती. मात्र नुकतेच स्वतंत्र झालेले मध्य आशियाई नेते एका मॉस्कोच्या सावलीतून बाहेर पडत होते आणि दुसऱ्या कोणाला थोरला भाऊ म्हणण्याची त्यांची तयारी नव्हती. तुर्कियेकडेही आश्वासने पाळण्याइतका पैसा नव्हता. १९९३ मध्ये ओझाल यांचे निधन झाले आणि पुढची पंधरा वर्षे परिषदा होत राहिल्या, पण हाती फारसे काही लागले नाही.

औपचारिक संघटना ३ ऑक्टोबर २००९ रोजी अझरबैजानमधील नखचिवान येथे झालेल्या कराराने अस्तित्वात आली. तुर्किये, अझरबैजान, कझाकस्तान आणि किरगिझस्तान हे तिचे संस्थापक सदस्य होत. या कल्पनेचा पाठपुरावा अंकाऱ्यापेक्षा कझाकस्तानचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष नुरसुलतान नझरबायेव यांनी अधिक चिकाटीने केला होता, ही गोष्ट सहसा विसरली जाते. उझबेकिस्तान २०१९ मध्ये सामील झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत ‘तुर्किक राष्ट्रांची संघटना’ हे आजचे नाव स्वीकारले गेले. हंगेरी २०१८ पासून, तुर्कमेनिस्तान २०२१ पासून आणि उत्तर सायप्रस २०२२ पासून निरीक्षक आहेत. सचिवालय इस्तंबूलमध्ये आहे.

१९९० च्या दशकात जे जमले नाही, ते २०२० नंतर कसे जमू लागले?

यामागे तीन घडामोडी आहेत आणि त्या एकामागोमाग एक घडल्या.

पहिली ताश्कंदमधली. इस्लाम करिमोव यांच्या पंचवीस वर्षांच्या राजवटीत उझबेकिस्तानने शेजाऱ्यांच्या सीमांवर सुरुंग पेरले, तुर्कियेशी संबंध तोडल्यात जमा केले आणि कोणत्याही सामूहिक व्यासपीठाकडे पाठ फिरवली. मध्य आशियातील सर्वाधिक लोकसंख्येचा आणि सर्व शेजाऱ्यांच्या सीमांना भिडणारा देशच बाहेर राहिल्यावर प्रादेशिक सहकार्य होणार तरी कसे? २०१६ मध्ये करिमोव यांचे निधन झाले आणि शवकत मिर्झियोयेव यांनी सीमा खुल्या करण्यास सुरुवात केली. माझ्या मते तुर्किक सहकार्याच्या अलीकडच्या इतिहासातील ही सर्वांत निर्णायक घटना आहे; तिची दखल कमी घेतली जाते, कारण ती युद्धभूमीवर घडली नाही.

दुसरी घडामोड युद्धभूमीवरचीच. २७ सप्टेंबर २०२० रोजी आर्मेनियाशी सुरू झालेल्या ४४ दिवसांच्या युद्धात अझरबैजानने नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या वादग्रस्त प्रदेशाचा मोठा भाग आणि शुशा हे डोंगरमाथ्यावरील शहर परत मिळवले. तुर्कियेचे बायराक्तार ड्रोन, इस्रायली शस्त्रे आणि अंकाऱ्याचे उघड राजकीय पाठबळ यांच्या जोरावर हा विजय मिळाला. सोव्हिएतोत्तर प्रदेशात मॉस्कोव्यतिरिक्त दुसऱ्या देशाच्या मदतीने युद्ध जिंकता येते, हे मध्य आशियातील प्रत्येक राजधानीने त्या दिवसांत पाहिले. याच संघर्षाच्या शेवटच्या टप्प्यात, सप्टेंबर २०२३ मध्ये, एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोकांना काही दिवसांत घरेदारे सोडून जावे लागले. तुर्किक शिखर परिषदांच्या जाहीरनाम्यांत विजयाचा गौरव असतो, या लोकांचा उल्लेख नसतो. या प्रदेशाच्या भविष्याचा विचार करताना त्यांना वगळणे मला योग्य वाटत नाही.

तिसरी घडामोड म्हणजे फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर केलेले आक्रमण. त्याने रशियाची ताकद पश्चिमेकडे गुंतून पडली, रशियामार्गे जाणारी मालवाहतूक निर्बंधांच्या कचाट्यात सापडली आणि ज्या देशांत रशियन भाषक अल्पसंख्याक राहतात, त्यांच्या मनात आपला क्रमांक कधी लागेल, ही शंका निर्माण झाली.

ही संघटना म्हणजे ‘तुर्की नाटो’ आहे का?

नाही, आणि तसे म्हणणारे लेख वाचताना सावध राहावे. संघटनेच्या करारात परस्पर संरक्षणाचे कलम नाही. एका सदस्यावर हल्ला झाला, तर इतरांनी सैन्य पाठवण्याचे कोणतेही बंधन नाही.

याची कसोटी जानेवारी २०२२ मध्ये लागली. कझाकस्तानात इंधनाच्या दरवाढीवरून सुरू झालेली निदर्शने अल्माटीत हिंसक झाली, सरकारी इमारती पेटल्या आणि राष्ट्राध्यक्ष कासिम-जोमार्त तोकायेव यांना बाहेरून मदत मागावी लागली. ती त्यांनी अंकाऱ्याकडे मागितली नाही. रशियाच्या नेतृत्वाखालील सामूहिक सुरक्षा करार संघटनेकडे मागितली, आणि एका दिवसात त्या संघटनेचे सैनिक विमानांतून उतरू लागले. तुर्किक राष्ट्रांच्या संघटनेने पाठिंब्याचे निवेदन काढले. ‘तुर्किक राष्ट्रांची संघटना’ हे भारदस्त नाव धारण करून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

खरी लष्करी आघाडी आहे ती फक्त तुर्किये आणि अझरबैजान यांच्यात. १५ जून २०२१ च्या शुशा जाहीरनाम्यानुसार दोघांपैकी एकावर आक्रमण झाल्यास दुसऱ्याने मदत करणे अपेक्षित आहे. बाकीच्यांचे सहकार्य शस्त्रखरेदी, प्रशिक्षण आणि संयुक्त सराव यांपुरते आहे. किरगिझस्तानने बायराक्तार ड्रोन घेतले, कझाकस्तानने तुर्की ‘अंका’ ड्रोन आपल्या भूमीवर बनवण्याचा करार केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अझरबैजानमधील गबाला येथे झालेल्या परिषदेत राष्ट्राध्यक्ष इल्हाम अलियेव यांनी २०२६ मध्ये सदस्य देशांचा संयुक्त लष्करी सराव घेण्याचा प्रस्ताव मांडला. ही पावले महत्त्वाची आहेत, परंतु कझाकस्तान आणि किरगिझस्तान हे रशियाप्रणीत लष्करी करारात, तुर्किये नाटोत आणि तुर्कमेनिस्तान १९९५ पासून संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या तटस्थतेत, अशी स्थिती असेपर्यंत समान संरक्षण करार शक्य दिसत नाही.

रशियाचा प्रभाव खरोखर ओसरला आहे का?

ओसरला आहे, संपलेला नाही. दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याशिवाय चित्र समजत नाही.

जून २०२२ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या आर्थिक परिषदेत व्लादिमिर पुतिन शेजारी बसलेले असताना तोकायेव यांनी पूर्व युक्रेनमधील दोनेत्स्क आणि लुहान्स्क या स्वयंघोषित प्रजासत्ताकांना आपला देश मान्यता देणार नाही, असे व्यासपीठावरून सांगितले. पाच महिन्यांपूर्वी ज्यांच्या सैनिकांनी आपली सत्ता वाचवली, त्यांच्याच घरात हे बोलणे सोपे नव्हते. काही आठवड्यांत रशियातील एका न्यायालयाने कॅस्पियन पाइपलाइनचे काम पर्यावरणाचे कारण देत तीस दिवस थांबवण्याचा आदेश दिला. कझाकस्तानच्या तेलनिर्यातीचा सुमारे ८० टक्के भाग याच नळातून रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदरापर्यंत जातो. पुढे तो आदेश दंडावर निभावला, पण नळाची चावी कोणाच्या हातात आहे, हे अस्तानाला पुन्हा एकदा कळून चुकले.

त्याखेरीज कझाकस्तान आणि रशिया यांची सीमा सुमारे ७,६०० किलोमीटर लांब आहे आणि तिच्यावर कोणताही नैसर्गिक अडसर नाही. उझबेकिस्तान आणि किरगिझस्तानातील लक्षावधी कुटुंबांची चूल रशियात मजुरी करणाऱ्या मुलांनी पाठवलेल्या पैशांवर पेटते. मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळील क्रोकस सभागृहावर झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर मध्य आशियाई मजुरांवर तपासण्या, हद्दपारी आणि जाचक नियम यांचा मारा झाला. तरीही हे मजूर एका दिवसात दुसरीकडे वळू शकत नाहीत, कारण भाषा आणि ओळखीपाळखी रशियातल्याच आहेत.

अझरबैजानची गोष्ट निराळी आहे. तो कोणत्याही रशियाप्रणीत लष्करी वा आर्थिक गटात नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे प्रवासी विमान रशियाच्या हद्दीत मारा लागून कझाकस्तानातील अक्ताऊजवळ कोसळले आणि ३८ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा बाकूने मॉस्कोकडे जाहीरपणे जबाबदारीची मागणी केली व ती लावून धरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुतिन यांनी रशियन क्षेपणास्त्रांचा या दुर्घटनेशी संबंध मान्य केला. दहा वर्षांपूर्वी या प्रदेशातील कोणत्याही नेत्याने असा सूर लावला असता, असे वाटत नाही.

चीन या समीकरणात कोठे बसतो?

आर्थिकदृष्ट्या केंद्रस्थानी. तुर्कमेनिस्तानचा वायू २००९ पासून उझबेकिस्तान आणि कझाकस्तानमार्गे चीनमध्ये जातो. कझाकस्तानच्या व्यापारात चीनने रशियाला मागे टाकले आहे. चीन-किरगिझस्तान-उझबेकिस्तान रेल्वेमार्गाची चर्चा तीन दशके नुसती फिरत होती. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या कामाला किरगिझ भूमीवर प्रारंभ झाला. कारखाने, सौर पॅनेल, विजेवरच्या बसगाड्या, सगळीकडे चिनी भांडवल दिसते आणि त्या आकड्यांशी तुर्कियेची तुलनाच होऊ शकत नाही.

मग उइघुरांविषयी ही राष्ट्रे गप्प का?

याच कारणाने. चीनच्या शिनजियांग प्रांतातील उइघुरांची संख्या एक कोटीहून अधिक आहे. भाषा, धर्म आणि खाद्यसंस्कृतीने ते उझबेकांच्या अगदी निकटचे आहेत, आणि चीनने उइघुरांना कोंडण्यासाठी तेथे उभारलेल्या छावण्यांत कझाक वंशाच्या लोकांनाही डांबले गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत शिनजियांगविषयी केवळ चर्चा व्हावी, एवढाच प्रस्ताव आला होता. तो १७ विरुद्ध १९ मतांनी फेटाळला गेला आणि विरोधी मतांत कझाकस्तान व उझबेकिस्तान यांची मते होती. भारत तटस्थ राहिला. तुर्कियेने २००९ आणि २०१९ मध्ये कडक शब्दांत निषेध केला होता, परंतु पुढे तोही सूर मवाळ झाला. बंधुत्वाच्या घोषणा जेथे सर्वांत जास्त उपयोगी पडल्या असत्या, तेथेच त्या ऐकू आल्या नाहीत. तुर्किक ऐक्याविषयी आस्था असणाऱ्या कोणालाही याचे दुःख व्हावे, असे मला वाटते.

‘मधला मार्ग’ म्हणून ज्याचा सतत उल्लेख होतो, तो काय आहे?

चीनमधून युरोपकडे जाणारा, रशिया आणि इराण दोन्ही टाळून कझाकस्तान, कॅस्पियन समुद्र, अझरबैजान आणि जॉर्जियामार्गे पोहोचणारा हा व्यापारमार्ग आहे. तुर्किक राष्ट्रांचे प्रादेशिक महत्त्व वाढेल की नाही, हे जाहीरनाम्यांपेक्षा या मार्गावर ठरेल, म्हणून याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

चीनच्या शिआन शहरातून निघालेला एक कंटेनर डोळ्यांसमोर आणावा. तो चिनी रेल्वेने कझाक सीमेवरील खोर्गोस येथे पोहोचतो. चिनी रूळ १,४३५ मिलिमीटर अंतराचे आणि पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशातले १,५२० मिलिमीटरचे, त्यामुळे तेथे क्रेनने तो उचलून दुसऱ्या गाडीवर ठेवला जातो. मग कझाक गवताळ मैदाने ओलांडून तो अक्ताऊ बंदरात येतो. येथे खरी अडचण सुरू होते. कॅस्पियन समुद्रावर जोराचे वारे सुटले की जहाजे नांगर टाकून थांबतात आणि कंटेनर धक्क्यावर पडून राहतात. जहाजांची संख्याही तुटपुंजी आहे. त्यात कॅस्पियनची पातळी वर्षानुवर्षे घटते आहे. अक्ताऊत तळाचा गाळ उपसून खोली राखावी लागते आणि जहाजांना पूर्ण भार घेऊन चालता येत नाही. पलीकडे बाकूजवळील आलात बंदरात उतरल्यावर पुन्हा रेल्वे. जॉर्जियात दोन वाटा फुटतात : एक पोती नावाच्या बंदरातून काळ्या समुद्राकडे, दुसरी ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या बाकू-तिबिलिसी-कार्स रेल्वेने तुर्कियेत. या दुसऱ्या वाटेवर रुळांचे अंतर पुन्हा बदलते. प्रत्येक सीमेवर वेगळे कस्टम, वेगळे दर, वेगळी कागदपत्रे.

२०२४ मध्ये या मार्गावरून सुमारे ४५ लाख टन माल गेला. आधीच्या वर्षाच्या तुलनेत ही वाढ भरीव आहे, पण एकट्या आलात बंदराचीच क्षमता वर्षाला दीड कोटी टन सांगितली जाते, यावरून अजून किती वाव शिल्लक आहे ते कळते. म्हणूनच दर एकसमान करणे, कस्टमची कागदपत्रे संगणकावर आणणे, जहाजे बांधणे ही रुक्ष वाटणारी कामे मला शिखर परिषदेतील सामूहिक छायाचित्रांपेक्षा अधिक महत्त्वाची वाटतात. यांपैकी काही कामे खरोखर सुरू आहेत आणि ५० कोटी डॉलरच्या भांडवलाने उभा राहिलेला तुर्किक गुंतवणूक निधी हे त्याचे एक लहानसे साधन आहे. रस्ते आणि बंदरे यांचा खर्च पाहता ही रक्कम फारच कमी आहे, हेही खरे.

तेल आणि वायूच्या बाबतीत मात्र पश्चिम टोक आधीच पक्के झाले आहे. बाकू-तिबिलिसी-जेहान तेलवाहिनी १,७६८ किलोमीटर लांब आहे आणि ती २००६ पासून भूमध्य समुद्रापर्यंत तेल पोहोचवते. अझरबैजानचा वायू अनातोलियामार्गे २०२० च्या अखेरीस इटलीपर्यंत गेला. तुर्कमेनिस्तानचा प्रचंड वायूसाठा याला जोडण्यासाठी कॅस्पियनच्या तळातून सुमारे ३०० किलोमीटरची नळवाहिनी लागेल. तिची चर्चा १९९० च्या दशकापासून चालू आहे. काम मात्र सुरू झालेले नाही.

झंगेझुरचा वाद कशाबद्दल आहे आणि त्यात अमेरिका कशी आली?

अझरबैजानचा नखचिवान हा भाग मुख्य भूमीपासून तुटलेला आहे. मधे आर्मेनियाचा स्यूनिक प्रांत येतो, ज्याला अझेरी लोक झंगेझुर म्हणतात. तेथून सुमारे ४३ किलोमीटरची वाट मिळाली, तर बाकूहून थेट नखचिवान आणि पुढे तुर्कियेपर्यंत सलग रस्ता व रेल्वे होते. आर्मेनियाला भीती होती ती सार्वभौमत्व गमावण्याची. इराणला भीती होती आर्मेनियाशी असलेली आपली सीमा व्यवहारात बंद होण्याची आणि उत्तरेकडे तुर्की-नाटो पट्टा तयार होण्याची. इराणच्या अझेरी लोकसंख्येमुळे ही भीती अधिकच गडद होते.

८ ऑगस्ट २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या उपस्थितीत अलियेव आणि आर्मेनियाचे पंतप्रधान निकोल पाशिन्यान यांनी जो जाहीरनामा केला, त्यानुसार हा मार्ग आर्मेनियाच्या कायद्याखाली, अमेरिकेच्या सहभागाने विकसित व्हायचा आहे आणि त्याला ट्रम्प यांचेच नाव देण्यात आले. २०२० च्या शस्त्रसंधीत याच वाटेवर देखरेख ठेवण्याचे काम रशियाच्या सीमा सुरक्षा दलाकडे होते. पाच वर्षांत मॉस्कोची जागा वॉशिंग्टनने घेतली. तुर्कियेने १९९३ पासून बंद ठेवलेली आर्मेनियाची सीमा कायमची खुली झाली, तर या प्रदेशाचा नकाशा व्यापाराच्या दृष्टीने नव्याने काढावा लागेल. मात्र अमेरिकेचा रस ट्रम्प यांच्या कारकिर्दीनंतर टिकेल का, यावर बाकू किंवा येरेवान यांपैकी कोणीही आपले सर्व डाव लावू नयेत.

सायप्रसच्या प्रश्नावर फूट पडली, असे म्हणतात ते खरे आहे का?

होय. एप्रिल २०२५ मध्ये समरकंद येथे युरोपीय संघ आणि मध्य आशिया यांची पहिली शिखर परिषद झाली. युरोपने १,२०० कोटी युरोंचे गुंतवणूक पॅकेज जाहीर केले आणि संयुक्त जाहीरनाम्यात सुरक्षा परिषदेच्या ५४१ व ५५० क्रमांकाच्या ठरावांचा पुनरुच्चार झाला. हे ठराव उत्तर सायप्रसचे स्वातंत्र्य बेकायदा ठरवतात. त्याच सुमारास कझाकस्तान, उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान यांनी सायप्रस प्रजासत्ताकाशी राजदूत पातळीवरचे संबंध पक्के केले. अडीच वर्षांपूर्वी, त्याच समरकंदमध्ये, तुर्किक राष्ट्रांच्या संघटनेने उत्तर सायप्रसला निरीक्षक करून घेतले होते.

तुर्की जनमतात याची वेदना उमटली. अंकाऱ्याने जाहीर तक्रार फारशी केली नाही, आणि ते शहाणपणाचे होते. मध्य आशियाई देशांनी कोणाला फसवले, असे मी म्हणणार नाही. आपल्या मालाला, विजेला आणि खनिजांना ग्राहक हवा असलेल्या देशाने युरोपशी करार करताना भावकीचा हिशोब बाजूला ठेवला, इतकेच. या राष्ट्रांचे परराष्ट्र धोरण कोणत्या तत्त्वावर चालते, हे समरकंदने जितके स्पष्ट केले, तितके अन्य कोणत्याही परिषदेने केलेले नाही.

तुर्किये या गटाचा नेता आहे का?

सर्वांत मोठा सदस्य आहे. नेता म्हणणे धाडसाचे ठरेल. संरक्षण उद्योग, बांधकाम कंपन्या, विमानसेवा, शिष्यवृत्त्या आणि दूरचित्रवाणी मालिका यांच्या बळावर तुर्कियेचे आकर्षण मोठे आहे. परंतु ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाईचा अधिकृत दर ८५ टक्क्यांवर गेलेला देश इतरांना भांडवल किती पुरवू शकणार? शिवाय तुर्कियेचे स्वतःचेच पाय अनेक होड्यांत आहेत : नाटोचे सदस्यत्व १९५२ पासून, युरोपीय संघाची उमेदवारी १९९९ पासून, आणि तरीही २०१९ मध्ये रशियाची एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणा घेऊन अमेरिकेच्या एफ-३५ लढाऊ विमानांच्या प्रकल्पातून बाहेर पडण्याची वेळ त्याने ओढवून घेतली.

इस्रायलविषयीची भूमिका तर पूर्ण वेगवेगळी आहे. रेजेप तय्यिप एर्दोगान इस्रायलचे कडवे टीकाकार आहेत, अझरबैजान इस्रायलचा शस्त्रग्राहक व तेलपुरवठादार आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कझाकस्तानने इस्रायल व मुस्लिम देश यांच्यातील संबंध सुरळीत करणाऱ्या अब्राहम करारांत सामील होण्याची घोषणा केली.

त्याच महिन्यात ताश्कंदमध्ये मध्य आशियाई नेत्यांनी अझरबैजानला आपल्या सल्लामसलत बैठकीचा पूर्ण सदस्य करून घेतले. ताजिकिस्तान धरून आता हे सहा देश तुर्कियेशिवाय एकत्र बसतात. पुढील काळात या सहांच्या बैठकीचे वजन इस्तंबूलच्या सचिवालयाइतकेच, कदाचित अधिक, होईल, असा माझा अंदाज आहे.

आपसांतले तंटे मिटले आहेत का?

बरेच मिटले आहेत आणि याचे श्रेय त्यांचे त्यांनाच द्यायला हवे. कोणत्याही महासत्तेने ते मिटवून दिलेले नाहीत. किरगिझस्तान आणि ताजिकिस्तान यांच्यात २०२१ व २०२२ मध्ये सीमेवर रक्त सांडले होते. मार्च २०२५ मध्ये त्यांनी सीमाकरार केला. त्याहून बोलके उदाहरण नारीन नदीवरील कंबराता-१ धरणाचे आहे. वरच्या अंगाला असलेल्या किरगिझस्तानला हिवाळ्यात वीज हवी असते, म्हणून तो तेव्हा पाणी सोडू पाहतो. खालच्या उझबेक आणि कझाक शेतकऱ्याला ते पाणी उन्हाळ्यात कापसासाठी व धान्यासाठी हवे असते. करिमोव यांच्या काळात अशा धरणांवरून युद्धाची भाषा झाली होती. आता हे १,८६० मेगावॅटचे धरण तिन्ही देश मिळून बांधणार आहेत. कृष्णेच्या आणि गोदावरीच्या पाण्यावरून वरच्या व खालच्या अंगाच्या राज्यांत काय काय झाले, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या कराराचे मोल वेगळे सांगायला नको.

समान लिपीचे काम मागे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये बाकू येथे ३४ अक्षरांच्या समान लॅटिन वर्णमालेवर तज्ज्ञांचे एकमत झाले, पण किरगिझस्तान आजही सिरिलिक (रशियन) लिपी वापरतो आणि कझाकस्तानचे लिप्यंतर रेंगाळले आहे.

ही राष्ट्रे मिळून प्रादेशिक सत्ता होतील का?

एकसंध सत्ता होणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. समान चलन, समान सैन्य किंवा समान परराष्ट्र धोरण यांची चिन्हे दिसत नाहीत आणि राजधान्यांत तशी इच्छाही नाही. मात्र प्रत्येकाचे सौद्याचे बळ वाढले आहे. जगातील सुमारे ४० टक्के युरेनियम काढणारा कझाकस्तान, वाढत्या तरुण लोकसंख्येचा उझबेकिस्तान आणि कॅस्पियन आणि काळा समुद्र यांच्यामधला दरवाजा असलेला अझरबैजान हे रशिया, चीन, युरोप आणि अमेरिका या चौघांशीही बोलतात आणि एकाचा प्रस्ताव दुसऱ्याला दाखवून अटी सुधारून घेतात. तुर्किक संघटना त्यांना या वाटाघाटींत आणखी एक आधार देते.

धोका आहे तो आतून. या देशांत सत्ता एका व्यक्तीभोवती किंवा कुटुंबाभोवती फिरते. अझरबैजानमध्ये वडिलांनंतर मुलगा, तुर्कमेनिस्तानातही तेच. पत्रकार तुरुंगात आहेत आणि निवडणुकांचे निकाल आधीच ठाऊक असतात. दोन नेत्यांच्या स्नेहावर उभा राहिलेला करार त्यांच्यापैकी एक गेल्यावर टिकेलच, याची खात्री देता येत नाही.

पाकिस्तानशी जवळीक असलेल्या या गटाकडे भारताने कसे पाहावे?

गट म्हणून नव्हे, देश म्हणून. मे २०२५ मधील ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्किये आणि अझरबैजान उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने उभे राहिले आणि पाकिस्तानने तुर्की बनावटीचे ड्रोन भारतावर सोडले. त्याचा राग महाराष्ट्रातही उमटला : पुण्यातील फळव्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे घेणे बंद केले, अनेकांनी बाकू आणि इस्तंबूलच्या सहली रद्द केल्या, आणि मुंबईसह अनेक विमानतळांवर काम करणाऱ्या एका तुर्की कंपनीचा सुरक्षा परवाना केंद्र सरकारने काढून घेतला. हा राग समजण्यासारखा आहे. आर्मेनियाला पुण्याच्या पाषाण येथील संरक्षण प्रयोगशाळेत विकसित झालेली पिनाका रॉकेट यंत्रणा विकून भारतानेही आपली बाजू दाखवली आहे, आणि बाकूत त्याची नोंद घेतली गेली.

परंतु कझाकस्तान आणि उझबेकिस्तान यांना याच तराजूत घालणे चुकीचे होईल. कझाकस्तानशी भारताची धोरणात्मक भागीदारी २००९ पासून, उझबेकिस्तानशी २०११ पासून आहे. आपल्या अणुभट्ट्यांना कझाक युरेनियम मिळते. बिश्केक, अल्माटी आणि ताश्कंद येथे महाराष्ट्रातील कितीतरी मुले-मुली वैद्यकीय शिक्षण घेतात. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केले, त्या रात्री लातूर-नांदेडकडच्या पालकांना या प्रदेशाचे नाव नकाशावर शोधावे लागले नाही.

भारताची खरी उणीव रस्त्याची आहे. मुंबईहून इराण आणि अझरबैजानमार्गे रशियाकडे जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय उत्तर-दक्षिण मार्गाचा करार २००० साली झाला. इराणमधील रश्त ते अस्तारा हा १६२ किलोमीटरचा रेल्वेचा तुकडा अजूनही अपुरा आहे. या मार्गाची पश्चिम शाखा अझरबैजानमधून जाते, म्हणजे ज्याच्यावर आपण रागावलो आहोत, त्याच्याच अंगणातून. कॅस्पियनच्या पूर्वेकडून, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानमार्गे, जाणारी शाखा उपलब्ध आहे. तिच्यावर लक्ष व पैसा लावण्याचा निर्णय दिल्लीने लवकर घेतला, तर न्हावा-शेव्यातून निघालेल्या मालाला मध्य आशियाची बाजारपेठ बाकूच्या मर्जीवाचून मिळू शकेल.